दोन वर्षं न उघडलेली खाती

"दोन वर्षं ज्यांनी खातं उघडलंच नाही, त्यांना त्यातलं काही नकोच असणार," असं लोकांचे फोटो-रेकॉर्डिंग ऑनलाइन साठवणाऱ्या आमच्या कंपनीच्या मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगणारा मीच आणि ती खाती पुसणारा प्रोग्रॅम लिहिणाराही मीच. आज सकाळपासून तक्रारींचे फोन थांबेनात, माझा पाय एका जागी ठरेना. "पुसलेलं परत येत नाही," एवढंच प्रत्येकाला सांगत होतो. त्यात आईचा फोन आला.

"अरे, बाबा गेल्यावर त्यांचा आवाज तू माझ्या खात्यात ठेवून दिला होतास ना, तो सापडत नाहीये."

"इतक्या दिवसांत एकदाही ऐकला नाहीस, आई?"

"सारखी लावून कॅसेट झिजायची ना आपली. म्हणून जपून ठेवला होता रे. आज मात्र राहवलं नाही."