उद्या नको

"कालचं नासलं." प्राध्यापिकाबाईंनी चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरून वाचली. "दोन शब्दांत अख्खा काळ मांडलात, सर."

टेकडीवरच्या या खोलीत एकवीस वर्षं एकट्याने कविता आणि चिंतन लिहिल्यावर अच्युतरावांना भेटलेली ही पहिली वाचक होती. चिठ्ठ्या मात्र दुधाच्या होत्या. दाराला अडकवलेल्या पिशवीत ते दूधवाल्या चंद्राबाईंसाठी ठेवत. अक्षर सुंदर म्हणून चंद्राबाईंनी त्या डब्यात जपल्या आणि त्यांच्या मुलीने तो डबा 'काकांच्या कविता' म्हणून कॉलेजात नेऊन दिला.

"'आज अर्धाच'मध्ये केवढा संयम आहे," बाई म्हणाल्या. "आणि 'उद्या नको' हे तर संग्रहाचं नावच ठेवू या."

अच्युतरावांनी ट्रंकेतून चौदा वह्या काढून पुढे ठेवल्या. "माझं खरं लेखन हे आहे."

बाईंनी दहा मिनिटं चाळून वही मिटली. "हे जरा पसरट वाटतं, सर."

खरं सांगितलं असतं तर वाचक गेली असती. अच्युतरावांनी वह्या परत ट्रंकेत ठेवल्या आणि संग्रहाला होकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाईंनी दार वाजवलं. त्यांच्या हातात त्या दिवशीची चिठ्ठी होती. ती लिहायला अच्युतरावांना दीड तास लागला होता आणि तीन कागद फाडावे लागले होते.

"काका," चंद्राबाई म्हणाल्या, "'असण्यापुरतंच' म्हणजे किती लिटर?"