फोरमनची बायको

फोरमननं कमरेला एप्रन बांधला. हातात डाव हवा होता, पण कॅन्टीनवाला आपला डाव असल्या कामाला देईना, म्हणून पाना घेतला. मग मान वेळावून, नाजूक आवाज काढून तो म्हणाला, "अहो, आलात का?" आणि कॅन्टीनच्या टेबलांशी बसलेली अख्खी दुसरी पाळी पोट धरधरून हसली.

पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमधल्या पुरुषांसाठी कारखान्यानं वर्ग काढला होता. राग आला की पुरुषानं त्याचं काय करायचं, हा विषय. शिकवायला एक समुपदेशक यायचे. अंगानं किरकोळ, आणि बोलणं इतकं हळू की पत्र्याचा दणदणाट ऐकून कान बधिर झालेल्या मंडळींना पुढे वाकूनच ऐकावं लागे. आज त्यांनी सांगितलं होतं, "घरातलं एक भांडण करून दाखवा. फक्त तुम्ही स्वतः बायकोच्या जागी उभे राहा."

फोरमनला सगळे पाठीमागे भोंगा म्हणत. प्रेसच्या खडखडाटावर आवाज चढवणारा तो एकटाच. कामावर हा आवाज म्हणजे देणगी होती, आणि घरी ती देणगी तो रोज मुक्तहस्तानं वाटत असे. गेल्या महिन्यात वाटता वाटता त्यानं स्टूल भिंतीवर भिरकावलं. बॅग भरून, पोरीला घेऊन बायको बहिणीकडे गेली आणि तिथून निरोप धाडला, "त्या वर्गात जा. नाहीतर मी काही परत येत नाही."

तेव्हापासून फोरमन अर्धं कच्चं, अर्धं करपलेलं खात होता. घरात ओरडायला कुणी उरलं नव्हतं आणि त्या शांततेत त्याला झोप लागत नव्हती. ती परत यायला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. फक्त आपलं चुकलं काय, तेवढंच त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. "अंगाला कधी बोट लावलं नाही हो मी!" हे तो भेटेल त्याला सांगत सुटला होता.

फोरमनचं सोंग घ्यायला फिटर उभा राहिला. बिचारा मुळात मुखदुर्बळ.

"चहा गार का झाला?" तो पुटपुटला.

"अरे, मी असा ओरडतो का?" फोरमन एप्रनमधून कडाडला. "पोटातून काढ आवाज! खिडकीची तावदानं हलली पाहिजेत!"

मग फिटरनं इतकी वर्षं निमूट ऐकलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. तो आवाज, ते बोट नाचवणं, ते टेबलावर मूठ आपटणं; हुबेहूब भोंगा! फोरमन खूश झाला. मग त्यानंही हात आखडता घेतला नाही. बायको कशी दचकते, भांडी आवरायचं निमित्त काढून ओट्याकडे कशी सरकते, पोरीला डोळ्यांनीच आतल्या खोलीत कशी पिटाळते, सगळं त्यानं करून दाखवलं. लोक हसून हसून डोळे पुसत होते.

"आणि मग बाईसाहेब असं करतात!" म्हणत त्यानं पंजा उघडा करून हात समोर धरला.

फिटर थांबला. वाक्याच्या मधोमध, तोंड उघडंच ठेवून.

"बोल की पुढे! मी कुठे थांबतो?"

"हात दाखवलात ना, साहेब."

"मग?"

"हात दिसला की थांबायचं. कुणाचाही असो. तुमचाच नियम आहे."

प्रेस शॉपमध्ये फोरमनखेरीज कुणाची हाक ऐकू जात नाही. म्हणून उघडा पंजा दिसला की प्रेस बंद. झाडूवाल्यानं दाखवला तरी बंद. का, कशाला, ते नंतर विचारायचं. तेवढ्यात कुणाची तरी बोटं वाचतात. हात दिसूनही जो प्रेस चालू ठेवेल, त्याला फोरमन उभ्या उभ्या आठ दिवस बाहेर काढी. मग तो कितीही जुना असो. लग्नानंतर हा नियम त्यानं बायकोला मोठ्या कौतुकानं सांगितला होता. पंजा कसा धरायचा, तेही शिकवलं होतं.

हसणं हळूहळू विरलं. फोरमनचा हात अजून वरच होता आणि तो त्याला आपला वाटेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला सगळ्यांसमोर लाज वाटली.

समुपदेशक काहीतरी बोलणार होते, पण फोरमन एप्रनसकट व्हरांड्यात गेला आणि त्यानं बायकोला फोन लावला. आत सगळे कान टवकारून बसले. पण आज भोंगा काही ऐकूच येईना. शेवटी अख्खी पाळी दारात येऊन दाटीवाटीनं उभी राहिली.

"न्यायला येऊ नका," ती आधीच म्हणाली. "वर्ग संपल्याशिवाय मी..."

"न्यायला येत नाही. तू आणि पोरगी घरी या. मी निघतो तिथून. भावाकडे जातो, आठ दिवस."

"म्हणजे? झालं काय तुम्हाला?"

"तू हात दाखवत होतीस आणि मी चालूच ठेवलं. ज्यानं चालू ठेवलं त्यानं बाहेर जायचं असतं. आपल्याकडे भलतंच माणूस गेलं."



"आणि आठ दिवसांनी?" तिनं विचारलं.

"त्या माणसाला परत आत घ्यायचं की नाही," तो हळू आवाजात म्हणाला, "ते फोरमननं ठरवायचं असतं. आणि घरात फोरमन तू आहेस."