नकाशावरची पांढरी जागा

पूरग्रस्तांना ठेवलेल्या शाळेच्या वर्गात भाऊसोने ओला नकाशा बाकावर पसरला. चारही कोपऱ्यांना अजून चिकटपट्टी होती. वस्तीच्या विहारातल्या भिंतीवरून त्याने तो ओरबाडून आणला होता.

समोर त्याचा धाकटा भाऊ नागसेन उभा होता. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा, वस्तीतला पहिलाच. पंचगंगेचा पूर कुठवर चढेल, हे त्याने संगणकावर मांडलं होतं आणि बुद्ध पौर्णिमेला तो नकाशा स्वतःच्या हाताने विहारात लावला होता. कौतुक करून घ्यायची हौस, दुसरं काय!

"निळं म्हंजे पाणी," भाऊसो म्हणाला. "आपली वस्ती पांढरी हाय. तुझी वैनी गाठोडं बांधून बसलती. विहारात जाऊन ह्यो बघून आली आणि गाठोडं सोडलं. म्हणाली, भावजींनी काढलाय."

भाऊसोची बायको आक्काताई काल सकाळी वाहून गेली. दुपारी प्रेत सापडलं.

खरं सांगणं नागसेनला जड होतं. पण आता खोटं बोलून काय मिळणार होतं?

"दादा, पांढरं म्हंजे कोरडं न्हवं. पाण्याचं गणित करायला आधी संगणकात जमिनीवर जाळी आखावी लागती, मग एकेका खणातलं पाणी निघतं. चौकोनाची जाळी नदीच्या वळणाला बसंना, म्हणून मी त्रिकोणांची केली. कॉलेजचं मशीन आठ हजारांच्या वर त्रिकोण घेईना. मग सडकेपाशी थांबलो."

"सडकंच्या पल्याड, आपल्या वस्तीत?"

"तिथं जाळीच न्हाय. गणितच केलं न्हाय."

शेजारी कुणीतरी भाकरी वाटत होतं. भाऊसोने हातानेच नको म्हटलं. त्याचं बोट नकाशावर सरकत घाटापाशी आलं. तिथे निळ्यात बारीक त्रिकोणांची नुसती दाटी होती.

"हितं किती हायत?"

"चारशे. घाटाच्या पायऱ्या नीट याव्यात म्हणून."

त्या पायऱ्या दाखवून नागसेनने पुण्यातल्या परिषदेत टाळ्या घेतल्या होत्या. आता त्याला स्वतःची शिसारी आली.

"आणि आपल्या घराला किती लागलं असतं?"

नागसेनने वस्तीच्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"एक," तो म्हणाला.

भाऊसोने नागसेनच्याच खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्याच्या हातात दिलं.

"काढ."