निळा फिल्टर, समक्ष बघून
दुर्बिणीचा जुना निळा फिल्टर मी मोबाइलवर विकायला टाकला, तर अंबाजोगाईचा एक तरुण डॉक्टर म्हणाला, कुरियरनं पाठवा. मी म्हणलं, न्हाई, वापरलेली काच हाय, समक्ष येऊन बघून घ्या. दिवस मावळायला तो आमच्या लिंबागणेशला आला. सगळी गल्ली ऊसतोडीला गेलेली, गाडीच्या आवाजाला कुत्रंसुद्धा भुंकलं न्हाई, नुसतं त्याच्या पायाशी येऊन बसलं. गुरू आभाळात वर यायला अजून तासभर होता. तेवढ्यात मी पिठलं हाटलं, भाकरी थापल्या. जेवून आम्ही गच्चीवर गेलो. त्यानं दुर्बिणीला फिल्टर बसवून कॅमेरा जोडला, आणि गुरूचे पट्टे स्क्रीनवर उमटले तसा तो माझ्या खांद्याला खांदा लावून वाकला. शेजारी कुणाचा तरी श्वास मला लई दिवसांनी ऐकू आला. निघताना त्याचं लक्ष डब्याकडं गेलं. आत लाल, पिवळा, हिरवा असे बाकीचे फिल्टर होते. "काका, सगळेच द्या की. तुम्हालाही दर वेळी गिऱ्हाइकाची वाट बघायला नको." "ते लोकांनी सांगून ठेवलेत," म्हणत मी डबा झाकला. सांगून कुणीच ठेवलं नव्हतं. त्याची गाडी वळणाआड गेली तशी मी पायरीवर बसून नवी जाहिरात लिहिली: 'ग्रहांचे फोटो काढायला लाल फिल्टर. एकच हाय. कुरियर न्हाई, समक्ष यावं. जेवण इथंच होईल.'