वळणावरचा एक सेकंद

ऐंशी वर्षांच्या भास्करराव वाघचौऱ्यांना त्यांच्याच गाडीने नापास केलं होतं. वर्षभर त्यांचं चालवणं तपासून तिने शेरा मारला होता : रोज घाटात उजवा हात एक सेकंद निकामी होतो.

"निकामी? अजून विहिरीचं पाणी शेंदतो मी!" ते डॉक्टर शलाकावर उखडले. परवाना राहणार की जाणार, यावर शेवटची सही तिची होती.

"आजोबा, मग मला घाटातून फिरवून आणा."

वळणावर खंडोबाचं देऊळ दिसलं. भास्कररावांनी वेग कमी केला. उजवा हात स्टिअरिंगवरून उठला, छातीला लागला आणि जागेवर आला.

शलाकाला हसू फुटलं. तिचाही हात छातीशीच होता.

तिने शेरा खोडून लिहिलं : चालक ठणठणीत. गाडीला देऊळ ओळखायला शिकवा.