बाबांच्या अक्षरातलं लेबल

बाबा गेल्यावर त्यांच्या दवाखान्यातली शेवटची बाटली दादानं मला दिली. जुनी काच गरम पाण्यानं तडकते म्हणून कोमट पाणी घेतलं, त्यांच्या अक्षरातलं लेबल कोरडं ठेवत मऊ ब्रशनं बुडाची माती सोडवली. खाली पुनर्वापराचं चिन्ह निघालं, हल्लीच्या सॉसच्या बाटल्यांवर असतं ते. फोन लावला. “दादा, ही बाटली बाबांची नाही.” तो अडखळला. “दवाखाना रिकामा करताना सगळ्या भंगारात गेल्या गं. तू एकच मागितलीस, नाही म्हणवेना.” “आणि लेबल?” “मीच लिहिलं. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच ठोकायचो ना!” त्याच लेबलावरून मी रोज बोट फिरवत होते. “खरं सांगितलं असतंस, तर एकदाच रडले असते.” फोन ठेवून लेबल पाण्यात धरलं. शाई पसरू लागताच हात मागे ओढला. अक्षर हुबेहूब बाबांचंच होतं.