थेट विमान

नरडाण्याच्या सुकदेवनानांचा मेंदू कधीच थांबला होता. जळगावच्या दवाखान्यात आता फक्त मशीन त्यांचा श्वास ओढत होतं. डॉक्टरांनी ते काढायचा विषय काढला, तेव्हा त्यांच्या पत्नी पुष्पाबाई लेक येईपर्यंत थांबा म्हणत आडव्या आल्या. "मनी पोर येस तवलोंग कोनी हात लावू नका."

मुलगा प्रेमराज याने न्यूयॉर्कला थोरल्या बहिणीला फोन केला. "ताई, नाना आता काही उठणार नाहीत. तू ये, त्यांचं तोंड पाहा, मग मशीन काढू."

पुनम म्हणाली, "तिकीट काढते."

मुंबईपर्यंत साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमानाने पंधरा तास. प्रेमराज दवाखान्यातल्या बाकावर बसून मोबाइलच्या नकाशावर ते विमान बघत राहिला. समुद्र ओलांडला, वाळवंट ओलांडलं, तसतसं तो आईला सांगत गेला, आणि ती नानांच्या खोलीच्या काचेला तोंड लावून नानांना सांगत गेली, "उनी, उनी तुमनी पोर."

विमान मुंबईत टेकलं. विमानतळाबाहेर गाडी उभीच होती. प्रेमराजने फोन लावला.

"ताई, उतरलीस ना?"

"मी बसलेच नाही रे विमानात," पुनम म्हणाली. "घरीच आहे, न्यूयॉर्कला."

"अगं, इथे सगळे तुझ्यासाठी थांबलेत! नानांना तुझ्यासाठी ठेवलंय!"

तिकडून नुसतं रडणं ऐकू आलं.



"तेच तर. मी पोचेपर्यंतच नाना आहेत ना रे?"